पंचतारांकित हॉटेलचं बिल: दर कसा ठरतो आणि आपण काय विचारायचं

हॉटेलची खोली आरक्षित करण्याआधी एक आकडा पक्का लक्षात ठेवा: 7,500 रुपये. 22 सप्टेंबर 2025 पासून एका खोलीचा एका रात्रीचा दर इथपर्यंत असेल तर त्यावर 5 टक्के जीएसटी लागतो. त्याच्या वर एक रुपया जरी गेला तरी 18 टक्के, आणि तेही फक्त वरच्या रुपयावर नव्हे, पूर्ण रकमेवर. म्हणजे 7,400 रुपयांची खोली करासकट 7,770 ला पडते आणि 7,600 रुपयांची 8,968 ला. खोलीच्या दरात फरक 200 रुपयांचा, खिशातून मात्र 1,198 रुपये जास्त जातात.

2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा या मर्यादेपासून पुढे थेट 28 टक्के कर होता. सप्टेंबर 2019 मध्ये गोव्यात भरलेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत तो 18 टक्क्यांवर आला. मधल्या काळात टक्के बदलले, 7,500 चा उंबरठा मात्र तिथेच राहिला. हॉटेलांचे दर या वर्षांत बरेच चढले, त्यामुळे पूर्वी फक्त चैनीच्या हॉटेलांना लागणारा कर आज सुट्टीच्या दिवसांत साध्या तीन-चार तारांकित हॉटेलातही लागतो. हा उंबरठा वर सरकायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो सरकेपर्यंत आपल्या बाजूने हिशेब करणं आपल्याच हातात आहे.

हा हिशेब सूट घेताना सर्वात जास्त कामी येतो. समजा खोलीचा दर 8,000 आहे. हॉटेलने स्वतः 10 टक्के सूट दिली तर दर 7,200 होतो, कर 5 टक्के, एकूण 7,560. तीच 800 रुपयांची सूट बँकेच्या कार्डावर परतीच्या रूपात मिळाली तर हॉटेलच्या लेखी दर 8,000 च राहतो. त्यावर 18 टक्के धरून 9,440, त्यातून 800 वजा केले की 8,640. सूट सारखीच, पण दुसऱ्या प्रकारात 1,080 रुपये जादा गेले. म्हणून दर 7,500 च्या आसपास घुटमळत असेल तर कार्डावरच्या जाहिरातीपेक्षा हॉटेलला फोन करून त्यांच्याकडून थेट सूट मागणं फायद्याचं.

नाश्त्याचंही तसंच. 7,200 ची खोली आणि 600 चा नाश्ता एकत्र घेतला तर दर 7,800 होतो आणि करासकट 9,204 भरावे लागतात. खोली वेगळी घेतली तर 7,560, आणि नाश्ता तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के कर देऊन खाल्ला तरी 708, मिळून 8,268. दर आधीच दहा-पंधरा हजारांच्या घरात असेल तर मात्र हा खटाटोप नको. तिथे नाश्ता धरूनचा दर बहुतेक वेळा स्वस्तच पडतो, कारण अशा हॉटेलातला सकाळचा बुफे सुटा घ्यायला फार महाग असतो.

ट्रॅव्हल एजंट ज्या अक्षरांत दर सांगतात ती इथे समजून घ्या. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, मॅप म्हणजे त्यात आणखी एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. दोन हॉटेलांची तुलना करताना दोन्हीकडचा दर एकाच प्रकारचा आहे ना, हे आधी पाहा.

हॉटेलच्या टेबलाच्या पलीकडे काय चालतं

एकाच खोलीचा दर मंगळवारी एक, शनिवारी दुसरा आणि 30 डिसेंबरला तिसराच का असतो? मोठ्या हॉटेलात हे ठरवायला एक स्वतंत्र माणूस असतो, रेव्हेन्यू मॅनेजर. पुढच्या वर्षाचं नियोजन तो महिनोन्‌महिने आधी मांडतो: कोणत्या तारखांना मागणी असेल, किती खोल्या कंपन्यांच्या करारातल्या दराने द्यायच्या, किती विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना, किती लग्नांच्या गटांना, आणि उरलेल्या किती तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी मोकळ्या ठेवायच्या. विमान कंपन्यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत बसवली आणि मोठ्या हॉटेल साखळ्यांनी ती त्यांच्याकडून उचलली. आज ज्या रात्री खोली रिकामी राहिली, ती रात्र उद्या विकता येत नाही. दादरच्या फुलबाजारात संध्याकाळी उरलेल्या फुलांसारखा हा माल आहे.

पण म्हणून हॉटेल शेवटच्या क्षणी नेहमीच स्वस्तात देतं, असं नाही. त्यांचं गणित थोडं वेगळं असतं. शंभर खोल्यांच्या हॉटेलने 12,000 दर ठेवला आणि 60 खोल्या भरल्या, तर हॉटेलातल्या दर खोलीमागे सरासरी 7,200 रुपये आले. दर 9,500 केला आणि 80 भरल्या, तर 7,600 आले. दुसरा मार्ग बरा दिसतो. पण वीस जादा खोल्यांची धुलाई, वीज, नाश्ता आणि माणसांची मेहनत वजा केली की फरक जवळपास मिटतो. त्यातच आज स्वस्तात दिलेला दर उद्याच्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर दिसतो आणि मग वरचा दर मागणं अवघड होतं. त्यामुळे वरच्या दर्जाची हॉटेलं दर उतरवण्याऐवजी वस्तू वाढवून द्यायला तयार होतात: वरच्या प्रकारची खोली, नाश्ता, विमानतळावरून गाडी, उशिरापर्यंत खोली वापरण्याची मुभा. ग्राहकाने हे ओळखलं की मागणं सोपं होतं. "दर कमी करा" याला नकार मिळेल. "याच दरात नाश्ता आणि दुपारी चारपर्यंत खोली द्याल का?" याला अनेकदा होकार मिळतो.

कोणत्या दिवशी कोणतं हॉटेल स्वस्त, हेही या नियोजनातूनच कळतं. वांद्रे-कुर्ला संकुल, नरिमन पॉइंट, पुण्यात हिंजवडी किंवा कल्याणीनगर इथली हॉटेलं कंपन्यांच्या कामावर चालतात. सोमवार ते गुरुवार ती भरलेली, शनिवार-रविवारी मोकळी. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग आणि गोवा यांचं नेमकं उलट. आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला एक रात्र चांगल्या हॉटेलात घालवायची असेल तर शनिवारी लोणावळ्याला जाण्यापेक्षा मुंबईच्या व्यापारी भागातलं हॉटेल त्याच पैशात कितीतरी वरच्या दर्जाचं मिळतं. एखादी मोठी मैफल किंवा सामना असेल तर मात्र हा नियम मोडतो. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे दर कुठे गेले, हे वृत्तपत्रं वाचणाऱ्यांना आठवत असेल.

गोव्याबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात अनेक रिसॉर्ट किमान तीन किंवा त्याहून जास्त रात्रींची अट घालतात आणि 24 व 31 डिसेंबरच्या रात्रीचं 'गाला डिनर' सक्तीचं करतात. त्याचे माणशी पैसे खोलीच्या दरात नसतात, लहान मुलांचेही वेगळे लागतात. आरक्षण करतानाच ही रक्कम लेखी मागा. दुसरी गोष्ट विमानतळाची. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला आहे, आणि बाणावली, वार्का, काणकोण इथली मोठी रिसॉर्ट दक्षिणेला. मोपाचं तिकीट दाबोळीपेक्षा स्वस्त मिळालं तरी दोन्ही वेळचं टॅक्सीभाडं त्यात मिळवून मगच ठरवा. पावसाळ्यात, 15 ऑगस्टचा जोडून सुट्टीचा आठवडा सोडला तर, हीच रिसॉर्ट खूप खालच्या दराने मिळतात. समुद्रात उतरता येत नाही, पण ज्यांना शांतपणे राहायचं आहे त्यांच्यासाठी याच्याइतका चांगला सौदा नाही.

नाव एक, मालक दुसरा

वरच्या दर्जाच्या हॉटेलांच्या व्यवसायात गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला आहे आणि ग्राहकाला तो माहीत असायला हवा. मुंबईचं ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडलं तेव्हा ते उभारणारे आणि चालवणारे एकच होते. आज ताज चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्स कंपनीची बरीच हॉटेलं दुसऱ्याच्या मालकीची असतात आणि कंपनी ती चालवण्याचं शुल्क घेते. 2018 पासूनच्या त्यांच्या जाहीर योजनांत हाच रोख आहे. मॅरियट, हिल्टन, हयात यांच्याही भारतातल्या हॉटेलांमागे बहुतेक ठिकाणी कुणीतरी स्थानिक बांधकाम व्यावसायिक किंवा गुंतवणूकदार मालक असतो.

याचा तुमच्या पैशाशी संबंध असा: सेवेची पद्धत, प्रशिक्षण, सभासद योजना हे नावाबरोबर येतं. जुने नळ, झिजलेले गालिचे, वातानुकूलन बदलायचं की नाही, याचा पैसा मात्र मालकाच्या खिशातून जातो. म्हणून फक्त नावावर विसंबू नका. इमारत कधीची आहे, खोल्यांचं नूतनीकरण कधी झालं, हे फोनवर सरळ विचारा. एकाच हॉटेलात जुना आणि नवा विभाग असेल तर खोली कोणत्या विभागातली, हेही विचारा. कुलाब्याच्या ताजमध्येही पॅलेस आणि टॉवर असे दोन विभाग आहेत आणि त्यांचे दर वेगळे असतात.

याच कंपन्यांनी एका छताखाली अनेक पायऱ्या केल्या आहेत. इंडियन हॉटेल्सकडे ताज आहे, विवांता आहे आणि जिंजरही आहे. रात्री उशिरा उतरून पहाटे निघायचं असेल तर जिंजरमध्ये झोपा आणि ताजवर खर्च करायचे पैसे अशा दिवसासाठी ठेवा, ज्या दिवशी तुम्ही दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत तिथे असाल. खोली न घेताही तिथे जाता येतं. ताजच्या सी लाउंजमध्ये बसून गेटवेकडे पाहत चहा घेणं महाग आहे, पण खोलीच्या मानाने खर्च अगदी थोडा. आजी-आजोबांना तो अनुभव द्यायचा असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

'पंचतारांकित' हा शब्दही तपासून घ्या. आपल्याकडे ताऱ्यांचं अधिकृत वर्गीकरण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते, ते पाच वर्षांसाठी असतं आणि ऐच्छिक आहे. ॲपवर दिसणारे तारे अनेकदा ॲपने स्वतः दिलेले किंवा पाहुण्यांच्या अभिप्रायावरून काढलेले असतात. दोन्हींची गल्लत करू नका.

आरक्षण कुठून करायचं? ॲपवर दर बघा आणि मग हॉटेलला फोन करा. ॲप हॉटेलकडून भरीव कमिशन घेतं, त्यामुळे थेट येणाऱ्या पाहुण्याला काहीतरी जास्त द्यायला हॉटेलकडे जागा असते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला दंड करताना, हॉटेलांनी दुसरीकडे कमी दर देऊ नये ही करारातली अट काढायला सांगितलं होतं. तेव्हा "ॲपपेक्षा कमी देता येत नाही" असं कुणी म्हटलं तर लगेच मान्य करू नका. ताज, मॅरियट, हिल्टन यांच्या मूळ सभासद योजना फुकट असतात. फोन करण्याआधी सभासद व्हा.

'फक्त एकच खोली उरली' अशी खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पानावर नवे आकार जोडणं, न विचारता विमा किंवा देणगी टाकणं, हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैर ठरवलं आहे. अशा पानाचा फोटो काढून ठेवा. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी: तिथे मे 2025 पासून हॉटेलांना 'रिसॉर्ट फी'सारखे सक्तीचे आकार धरूनच दर जाहीर करावा लागतो. कर मात्र वेगळा असू शकतो.

परत न मिळणारा दर स्वस्त असतो, पण वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर तो घेऊ नका. रद्द केल्यावर हॉटेलने कापून घेतलेल्या रकमेवरही जीएसटी लागतो, हे अनेकांना माहीत नसतं.

लग्न

सर्वात जास्त पैसे इथे अडकतात आणि लोक इथेच सर्वात कमी प्रश्न विचारतात. घरात कार्य असताना घासाघीस कशी करायची, या संकोचापोटी वडीलधारी माणसं समोर आलेल्या कागदावर सही करतात. हे मला अगदी मनापासून बदलावंसं वाटतं. बँक्वेट विभागातल्या माणसाला तुमच्या प्रश्नांची सवय असते, त्याचं कामच ते आहे. पैसे विचारल्याने तुमची पत कमी होत नाही.

हॉटेलवाले पंचांग बघून दर लावतात. दाट मुहूर्तांच्या तारखा त्यांच्या संगणकात वर्षभर आधी रंगवलेल्या असतात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मोठी सभागृहं मोकळी असतात. काही पंचांगांत आता या काळातलेही आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात. घरात ते चालत असतील, किंवा नोंदणी विवाहानंतरचं फक्त स्वागत असेल, तर या महिन्यांत तुम्ही मागाल त्यातलं बरंच मिळेल. ऐन हंगामातही आठवड्यातला मधला वार आणि दुपारची वेळ तुलनेने स्वस्त.

आता ताटाचा हिशेब. समजा ताट 2,500 रुपये आणि किमान हमी 300 ताटांची. 7,50,000 रुपये, त्यावर 18 टक्के म्हणजे 1,35,000, एकूण 8,85,000. पाहुणे 250 आले तरी पैसे 300 चेच. म्हणून हमीचा आकडा निमंत्रणांच्या यादीवरून ठरवू नका, येण्याची खात्री असलेल्यांवरून ठरवा. जादा ताटं हॉटेल बहुधा ठरलेल्या दराने देतं, फक्त किती टक्क्यांपर्यंत देईल ते करारात लिहून घ्या. दहा ताटं वाढली तर 29,500 वाढतात. दहा माणसं कमी आली तर मात्र तेवढेच पैसे वाया गेलेले असतात. हमी अखेरची कळवण्याची तारीख कोणती, पाच-सात वर्षांच्या मुलांचं ताट अर्धं धरतात की पूर्ण, छायाचित्रकार आणि भटजींच्या जेवणाचे पैसे कसे, हे प्रश्न छोटे वाटतात. मोठ्या लग्नात ते मिळून लाखाच्या वर जातात.

आणि करारात नसलेल्या किंवा त्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत असलेल्या गोष्टी: बाहेरचा सजावटकार आणला तर हॉटेल त्याच्याकडून शुल्क घेतं का (तो ते तुमच्याच बिलात लावेल), ध्वनियंत्रणेचे आणि जादा विजेचे पैसे, वधूवरांच्या तयारीच्या खोल्या किती आणि किती वाजता मिळणार, सभागृह ठरल्या वेळेपेक्षा तासभर जास्त वापरलं तर काय. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे हिरवळीवरची वरात आणि संगीत त्याआधी आटपण्याचं वेळापत्रक ठेवा. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा कर वेगळा. बाहेरून आणलेल्या बाटल्यांना परवाना लागतो आणि हॉटेल बाटलीमागे पैसे घेतं. आगाऊ रकमेचे हप्ते आणि लग्न पुढे ढकललं तर ती रक्कम दुसऱ्या तारखेला वळती होते का, हे लेखी हवंच.

पाहुण्यांच्या खोल्या गटाने घेताना, ठरावीक तारखेपर्यंत काही खोल्या दंडाशिवाय परत करण्याची मुभा मागा. आपल्याकडचे नातेवाईक कुणा ना कुणाच्या घरी उतरतातच आणि घेतलेल्या खोल्या रिकाम्या राहतात.

निघताना

खोलीत शिरताना हॉटेल कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डातून गेलेली रक्कम परत यायला दिवस लागतात. कपाटातल्या फ्रिजमधल्या वस्तू, धुलाई, लवकर प्रवेश आणि जादा पलंग यांचे दर आधी विचारा. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली तर तक्रार टिकणार नाही: हॉटेलं आणि रेस्टॉरंटं तशी किंमत घेऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये म्हटलं आहे. खोलीत ठेवलेली फुकट बाटली कोणती, ते विचारून घ्या.

'सेवा शुल्क' मात्र तुमच्या मर्जीचं आहे. ते आपोआप लावू नये, ही ग्राहक प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी कायम ठेवली. बिलात दिसलं तर शांतपणे काढायला सांगा, आणि ज्या वेटरने मनापासून सेवा केली त्याच्या हातात स्वतः पैसे द्या.

गाडी लावायला चावी दिली असेल तर तिची जबाबदारी हॉटेलवर येते. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलं म्हणून, काळजी घेतल्याचं दाखवल्याशिवाय हॉटेलला हात झटकता येत नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निर्णय आहे.

बिल खोलीतच आदल्या रात्री मागवा. सकाळी टॅक्सी दारात उभी असताना चार पानांचं बिल कुणीच नीट वाचत नाही. चूक असेल तर ड्यूटी मॅनेजरला बोलवा, मग साखळीच्या कार्यालयाला ईमेल करा. तेवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तोवर बिल, आरक्षणाची पुष्टी आणि हॉटेलशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा.